फक्त गुरुवारी

काम साधं होतं. तीन महिने, फक्त गुरुवारी,
तळ्यावर जायचं, बर्फाला बारा ठिकाणी भोक पाडायचं,
पट्टी आत सोडायची,
आकडा वहीत लिहायचा.
बूट स्वतःचे आणावेत, असं जाहिरातीत होतं.
माझ्याकडे बूट होते.

एतूनं माझा अर्ज दोन बोटांत धरला,
गरम पातेल्याचा काठ धरावा तसा.
कुओपिओत आम्ही सगळेच एकमेकांना एकेरीत बोलतो,
डॉक्टरला, पाद्र्याला, बँकेतल्या पोरीला.
त्यानं मला ‘तुम्ही’ म्हटलं
आणि मी तिथेच कोटाची बटणं लावायला घेतली.

‘तुम्ही या कामासाठी जरा जास्तच शिकलेल्या आहात.’

सूपमध्ये मीठ जास्त झालं तर आई बटाटा टाकायची.
बाईत काय टाकायचं ते एतूला ठाऊक नसावं.
‘कंटाळाल,’ तो म्हणाला. ‘चांगलं काही मिळालं
की मधेच सोडून जाल.’
अठ्ठावन्न वय आहे रे माझं.
आणि कंटाळ्याचं म्हणशील तर
एका हिवाळ्यात मी एकाच भोकाकडे
बावीस दिवस बघत बसले होते.
डॉक्टरेट दिली ती त्याचीच.

घरी येऊन ती डॉक्टरेट अर्जातून काढली.
मग प्रयोगशाळेचं प्रमुखपद.
मग जर्मन, उगाच कुणाच्या डोळ्यांवर यायला नको.
एक ओळ खोडली की खालची वर सरकायची,
जणू रांगेतून कुणी निघून गेलं.
शेवटी उरलं ते एवढं:
गाडी चालवता येते. पोहता येतं.
आणि मधे एकोणीस वर्षं कोरी.
भाऊ फोनवर म्हणाला, आजारी होते म्हण.
मी म्हटलं, आजाराचे कागद मागतील.
तुरुंगात होते म्हण.
त्याचेही मागतील, ऊर्हो.

काम नीलोला मिळालं. एकोणीसचा असेल, नारिंगी जाकीट.
माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो.
भोकं सरळ पाडतो पोरगा, घाई करत नाही,
पट्टी काढली की हातमोज्याला पुसतो.
तीन गुरुवार मी कॉफी घेऊन त्याच्यासोबत मोजलं,
इथून, काचेआडून. दोनदा माझा आकडा बरोबर असावा,
त्याची मान हलली त्यावरून.

चौथ्या गुरुवारी तो पुलाकडे वळला.

पुलाखाली पाणी निजत नाही.
वर बर्फ दिसतो तो सगळीकडच्यासारखाच, पांढरा,
फक्त कडेला जुन्या चमच्यासारखा करडा,
आणि ते करडेपण शिकायला मला सहा वर्षं लागली होती.
खिडकी थंडीनं अडकलेली. उघडली तेव्हा
किती जोरात ओरडले ते मला आठवत नाही.
शेजारचं कुत्रं बराच वेळ भुंकत राहिलं.
नीलो थांबला. हात केला. मागे फिरला.

मग एतूला फोन लावला.
‘पुलाखाली नको पाठवू त्याला.
तळ्यावर चाळीस असेल, तिथे नऊ.
मार्चपर्यंत नऊच राहील.’

पलीकडे पेन्सिल शोधण्याचा आवाज.
‘तुला कसं कळलं?’ त्यानं विचारलं.
तुला म्हणाला.
लगेच त्याच्या लक्षात आलं, खाकरला,
म्हणाला, आभारी आहे, फार मोलाची माहिती दिलीत,
पण नोंदीत मोजणाऱ्याचं नाव लागतं,
काय लिहू?

सांगितलं,
लिही, पुलाजवळ राहणारी बाई.
एवढं शिक्षण चालेल ना.

बूट अजून दाराशीच आहेत.
आत वर्तमानपत्र कोंबून ठेवलंय, आकार जाऊ नये म्हणून.